कानात सांगितलेला शब्द

मी, शिबिरातल्या मुलांची शिट्टीताई, वय पंचवीस वर्षे, धंदा शाळेत खेळशिक्षिका व सुट्टीत मुलांच्या निवासी शिबिरात देखरेख, राहणार सध्या शिबिराच्या आवारात, मुलींच्या खोलीला लागून असलेली खोली. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील शिबिरात दर उन्हाळ्यात काम करते. माझ्याकडे लहान मुली असतात. त्यांच्या आंघोळी, वेण्या, भांडणे, पोहताना लक्ष ठेवणे हे माझे काम. शेवटच्या दिवशी मुलींना पालकांच्या ताब्यात देणे, हेही माझ्याकडेच आहे.

त्यासाठी आमच्याकडे शब्दाची पद्धत आहे. येण्याआधी पालक आणि मूल मिळून एक शब्द ठरवतात. न्यायला येणाऱ्याने फाटकाशी तो सांगायचा, मग मूल सोडायचे. पद्धत चांगली आहे, पण मोठी माणसे शब्द विसरतात. गेल्या वर्षी एक आजोबा घरातल्या सगळ्या मांजरांची नावे घेऊन मोकळे झाले. मग मूलच त्यांच्या कानात सांगते, ते मोठ्याने म्हणतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि आम्ही फाटक उघडतो. यात काही वावगे आहे असे आमच्यापैकी कोणालाही कधी वाटले नाही.

यातील मुलगी सात वर्षांची आहे. मुली तिला शेपूट म्हणत, कारण माझ्या शिट्टीची दोरी धरून ती सगळीकडे मागे यायची. चिडवले तरी रडायची नाही, हसत सुटायची. जास्त हसली की तिला धाप लागायची. तिला दमा आहे. पंप कसा द्यायचा, हे तिच्या आईने पहिल्या दिवशी मला करून दाखवले होते. निघताना त्या म्हणाल्या, "न्यायला मीच येणार, ताई. दुसरं कुणी येणार नाही." सगळ्याच आया काही ना काही बजावून जातात. मी मान डोलावली. असे का, ते विचारले नाही.

मुलगी वडिलांबद्दल फार बोलायची. "बाबा मला खांद्यावर घेतात, मग मी दिव्याचं बटण दाबते," असे सांगायची. मला वाटले, घरातले रोजचेच सांगते आहे. आईवडील दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि कोर्टाने मुलगी आईकडे दिली, हे मला आज कळले.

आज सकाळी मुली बॅगा भरत असताना एक गृहस्थ फाटकाशी आले. उंच, अंगात निळा शर्ट, दाढी वाढलेली. मुलीने त्यांना व्हरांड्यातून पाहिले आणि "बाबा!" असे ओरडत ती अनवाणी धावली. मी तिच्या चपला घेऊन मागे गेले. नेहमीप्रमाणे म्हटले, "चला बाबा, शब्द सांगा." ते गप्प झाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला तेव्हा त्याची गंमतच वाटली. मी म्हटले, "झालं! हेही विसरले." तेव्हा मुलीने गजांतून तोंड पुढे काढून त्यांच्या कानात सांगितले. ते म्हणाले, "लिंबूटिंबू." शब्द बरोबर होता. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फाटक मीच उघडले.

मी बॅग आणते म्हटले. ते म्हणाले, "राहू द्या ताई, गाडी भलत्याच जागी लावलीय. मागाहून नेतो." मी तिच्या पायात चपला चढवल्या. त्यांनी तिला खांद्यावर घेतले. फाटकाच्या कमानीखालून जाताना तिने हात वर करून कमानीवर चापट मारली आणि हसत मागे वळून माझ्याकडे पाहिले. गाडी वळणापलीकडे होती, त्यामुळे नंबर दिसला नाही.

तासाभराने आई आल्या. मी काही विचारायच्या आतच त्या फाटकापलीकडून हसत म्हणाल्या, "लिंबूटिंबू!" मी घडले ते सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. बॅग मागितली, वरच्या कप्प्यातून पंप काढला आणि म्हणाल्या, "याचं त्यांना माहीतच नाही. दमा नंतर सुरू झाला." शिबिर चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी लगेच ठाण्याला फोन केला.

मग आईंनी मला विचारले, "जाताना रडली का हो ती?" रडली म्हटले असते तर त्यांना बरे वाटले असते की वाईट, मला कळेना. मी खरे तेच सांगितले. "नाही. हसत होती. खूप हसत होती." त्या गृहस्थांचा मला राग यायला हवा, पण मला माझाच येतो आहे. त्या टाळ्या माझ्या हातातून जात नाहीत.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मुलगी हसत होती हे ठेवायचे का, असे हवालदारांनी हळू आवाजात विचारले, कारण आई समोरच्याच बाकावर पंप मुठीत धरून बसल्या आहेत. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "राहू द्या ते. आणि हसली की तिला धाप लागते, हेही सगळ्या नाक्यांवर कळवा." ते लिहून घेतले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरे आहे.