विहीणबाईंच्या अंगणात, इटलीत

...नाही हो, पोटबिट काही बिघडलं नाही माझं! पोट ठणठणीत राहिलं, तीच तर पंचाईत! तुम्हाला सांगतो, पनवेलहून इटलीपर्यंत गेलो ते एक वाक्य बोलायला. एकच! 'लग्न पनवेलला होईल.' आमची चारुता तिकडे शिकायला गेली, तिथल्याच लोरेन्झोशी लग्न ठरवून बसली. म्हटलं, बरं बाई, सत्त्याण्णव साल आहे, आपण कोण अडवणार... पण अक्षता पनवेललाच पडतील!

त्यांचं खेडं डोंगरावर. सकाळी नऊपासून व्याहीबुवांनी आम्हाला हिंडवलं. एक चर्च, दुसरं चर्च, मग मनोरा, मग त्यांचे द्राक्षमळे, आणि जिथे तिथे चढण! कर्नाळा बरा हो, निदान वर पोचल्यावर कुणी इतिहास सांगत नाही! मी धापा टाकत 'लग्न...' म्हणेपर्यंत हा गृहस्थ पुढच्या चढावर. म्हटलं, जेवताना बोलू.

तिथेच चुकलं.

साडेबाराला अंगणात बसलो. विहीणबाईंनी त्या जाडजूड शेवया वाढल्या, मला वाटलं हेच जेवण. आमची पद्मजा कानाशी लागली, "अहो, पानात टाकू नका हं. मुलीकडचे आहोत आपण." मी ताट लख्ख केलं. तर विहीणबाई कासावीस! धावत येऊन पुन्हा भरलं!

"बाबा, ताट रिकामं दिसलं की त्यांना वाटतं, पोट भरलं नाही."

"आणि उरवलं तर?"

"तर वाटतं, आवडलं नाही."

आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय? शेवयांमागून वांगी, वांग्यांमागून चीज, चीजमागून घेवडा... आणि माझं वाक्य तसंच! वर घरची वाईन. पद्मजा पीत नाही, पण टाकायची तरी कशी, म्हणून पदराआडून तिचा पेला माझ्या पेल्यात. मी तो संपवला की व्याहीबुवा दोन्ही भरणार! दोन वाजून वीस मिनिटांनी, वेळ रोजनिशीत लिहिलीय, हिय्या करून उभा राहिलो. विहीणबाई ओरडल्याच! पाहुणा उपाशी उठला! खांदे दाबून बसवलं, आणखी वांगी... वाक्य तसंच!

चार वाजता तोंडात केकचा भला मोठा तुकडा, आणि व्याहीबुवा उठले. बराच वेळ बोलले, डोळ्यांत पाणी. चारुता सांगायला लागली, "बाबा, ते म्हणतायत, त्यांचे वडील गेल्यापासून या टेबलावर इतकं मनापासून कुणी जेवलं नव्हतं. असा व्याही मिळाला, तर लग्न याच अंगणात व्हायला हवं. चालेल ना? बोला ना, बाबा!"

बोला ना! दिवसभर कुणी बोलू दिलं का? घास चावला. गिळला. तोंड रिकामं झालं, आता कुणीही अडवत नव्हतं... पण पोरीनं श्वास रोखून धरलेला हो. मग काय, घासामागून वाक्यही गिळलं.

परवा हॉलवाल्या बुधाजीकडे जाऊन म्हटलं, लग्नासाठी धरलेली मेची तारीख दुसऱ्या कुणाला द्या. त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला, "मोडला काय वो लगीन? आमी कोनाला नाय सांगनार."

"नाही हो बुधाजी," म्हटलं, "जमलं. जरा जास्तच जमलं."