फुटली तरी पडत न्हाय

...आन् म्हणं काळजी करू नको! तुमास्नी सांगतो, हे सांगणाऱ्याच्या डोक्यावर काच नसती! माझी बायको रंभा गिरणीत सुताच्या कांड्या भरती, आन् तिच्या डोक्यावर छपराला काचा, उजेडासाठी. वैशाखात गारा पडल्या, एक काच खळ्ळकन् खाली आली, शेजारच्या गोजाबाईची तीन बोटं गेली. तीन! आमी समदे सायबाकडं गेलो, म्हणलं काचा बदला. व्हय म्हणाला की!

मग मुंबईचा एजंट आला, कोट-टोपी, सोलापूरच्या उन्हानं घामाघूम. त्यानं काच आणली, आत तारंची जाळी! "बघा हं मंडळी, ही साधी काच नव्हे! फुटली तरी पडत नाही!" आन् हाणला की हातोडा! काच तडकली, पर जाग्यावर. मग सायबानं हाणला, हेडक्लार्कानं हाणला, आमचा जॉबर, म्हंजी मुकादम, महिपती, त्यानं तर धोतर वर खोचून हाणला! फुटली तरी पडत न्हाय, फुटली तरी पडत न्हाय, समदे खूश... मीबी टाळ्या वाजवल्या, येडा कुठला!

पेटी आली, काचा बसल्या. कुटं? सायबाच्या हापिसाला! का, तर सायब म्हणतो, उद्या तुमी संप केला, दगड मारले तर? आन् आमच्या खात्याला काय? ती हातोड्यानं हाणलेली, नमुन्याची! बरोबर रंभाच्या डोक्यावर! म्हणलं, "महिपतराव, आवो ही फुटकी हाय." तर म्हणतो कसा, "आरं मग बरंच की! आता आनिक काय फुटायची राहिलीया? फुटली तरी पडत न्हाय!"

परवा रंभाच्या अंबाड्यात त्याच काचेची कपची घावली, बोटाएवढी. दुसऱ्या दिवशी घरची लाकडी काठवट डोक्यावर पालथी घालून कामाला बसली! बाया हसल्या, मी मेल्याहून मेलो... पर वाटलं, आता तरी सायबाला लाज वाटंल! सायब आला, बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. "वा! फार छान!" आन् लगोलग हुकूम! उद्यापासनं समद्या बायांनी आपापली काठवट आणायची, नव्या काचांची गरज न्हाय!

घरात काठवट एकच. सांजच्याला रंभा ती डोक्यावरनं उतरवती आन् तिच्यातच पीठ मळती. भाकरीत कापूस लागतोय. गप गिळतो.