सरदारचा फोटो

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात सिंधू कंधारच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसली होती. मोबाइलच्या दुकानातून परतलेलं एक म्हातारं जोडपं तिच्या शेजारी येऊन टेकलं आणि त्या दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडू लागलं.

“पासवर्ड इसरलो म्हनून फोटो निघत न्हाईत म्हने.”

“सरदार बैल आपला, फोन आपला, फोटो तुम्हीच काढला. मंग आडवलं कुनी?”

“कंपनीनं.”

“कंपनीनं त्याला कधी चारा टाकला व्हता का?”

“बैल तर गेला, साखरा. आता त्याचं तोंड बी दिसायचं न्हाई.”

“डोळे पुसा. हे घ्या.”

“कागदावरचा फोटो! कधी काढलास?”

“चारा छावनीतच, स्टुडिओवाल्याकडून. तुमच्या फोनवर माझा लई भरवसा ना!”

“शिंगं बघ त्याची... ठिव, तुझ्यापाशीच ठिव.”

“तुमच्या खिशात ऱ्हाऊ द्या की.”

“नगं. खिशात फोन हाय.”