दोन चमचे वरण

चहावाले भाऊ, तुमच्या चहाची शप्पथ, हा किस्सा खरा हाय. चहात जेवढं पाणी टाकता, तेवढाच खोटा.

आमच्या मामाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणे, दोन चमच्यांच्या वर खायचं नाई. मी मामाले कारंज्याच्या ढाब्यावर नेलं. मामानं दोन चमचे वरण खाल्लं अन् भरलं ताट सरकवलं. बाजूचे ड्रायव्हर आपापलं ताट हुंगून उठले.

मालक धावत आला. "काका, काय चुकलं?"

"काई नाई. पोट भरलं."

"असं नका करू जी! फुकट खा, पण खा!"

आता त्या ढाब्यासमोरचा दुसरा ढाबेवाला स्वतःच्या खर्चानं मामाले रोज तिथंच जेवाले पाठवते.

ते पाहा, मामा इकडंच येऊन राह्यला. दोन घोट पिऊन कप ठेवते, गिऱ्हाइकांसमोर. वापस पाठवतो, भाऊ. शंभर काढा.