रजनीच्या लेकरांची मेळघाटची तयारी

विरजण मागायचं तर नुसतं निमित्त होतं, आता तुमच्यापासून काय लपवू! शेजारची रजनी दोन्ही लेकरं घेऊन मेळघाटातल्या डोंगरात जाणार, तंबूत राहणार, अन् तिथं अस्वलं फिरतात, हे ऐकल्यापासून मले चैन नव्हतं. तयारी कुठवर आली ते पाहायले वाटी घेऊन आत शिरली, तर बैठकीत दोन्ही लेकरं पालथी पडलेली!

"मिनू! गोलू!" हूं नाही की चूं नाही. माय वो, माह्या हातातली वाटीच पडली. वाटलं, फिट आली. गोलूले सुलटा केला, दारातली चप्पल आणून त्याच्या नाकाले लावली अन् बोंबलली, "रजनी, धाव वं! लेकरं गेली!"

रजनी पळत आली. "काकू, सराव करून राहिले ते! अस्वलानं गाठलंच तर मानेवर हात ठेवून पालथं पडा, असं वनरक्षकानं सांगितलं."

गोलूनं नाक मुरडून एक डोळा उघडला, तशी मिनू पालथ्यानंच कुजबुजली, "गोल्या, हलू नको बे! अस्वल अजून गेलं नाई."