तळ्यातून काढलेलं दार

दवाखान्यात मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र घातलेली एक सून आपल्या सासऱ्यांचा गुडघा दाखवायला आली होती.

"मामंजी, त्या विमानाच्या दाराला हात नाही ना लावलात?"

"पुसून उन्हात ठेवलं. साठ वर्षं तळ्यात होतं बिचारं."

"अहो, म्हणून तर संग्रहालयातून आणून घरच्या टाकीत बुडवून ठेवलेलं! वाळलं की रंगाचे पोपडे उडतात."

"मला काय ठाऊक?"

"दहादा सांगितलंय! पायलटनं लेकीचं नाव रंगवलंय त्यावर. ती उद्या बघायला येतेय. कधी ठेवलंत?"

"निघताना. अर्धा तास झाला असेल."

"उठा!"

"अगं, आता आपलाच नंबर."

"या बाळाला जाऊ दे आत."

"आणि माझा गुडघा?"

"तो कुठं पळून जातोय? चला!"