दहा जण आणि एक रोबो

"हॅलो?… हो, बोल वं दीक्षा. नाही, झोपली नव्हती. डोळे मिटून पडली होती फक्त, गच्चीवर."

खरं तर हिमानी अर्धी झोपेतच होती. जानेवारीची दुपार, ओले केस चटईवर पसरलेले आणि उन्हाची अशी ऊब, की माणसाला स्वतःचं नावही आठवू नये. पोरगी नववीत होती, शाळेच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन होती आणि संध्याकाळपर्यंत सुमंत सरांना एकच गोष्ट कळवायची होती: स्पर्धेच्या टीममध्ये किती जण.

"दहा. दहाच सांगू ना. नियमात बसते तर बसते… हो, केयूर आता आला, मले माहीत आहे… मी काय करू वं? वर्गाच्या दारात उभा होता. म्हणे, मी बी येऊ का. मी म्हटलं, ये ना… अवं ऐक ना. दारात उभा असलेल्याले नाही कसं म्हणतात, मले शिकव एकदा."

हे घराणंच तसं. हिमानीची आई प्रेमलता. कोणी नुसता निरोप द्यायला आला तरी पोह्यांची बशी हातात दिल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. लेकीनं तोच रिवाज टीमला लावला. दोघी मैत्रिणींनी सुरू केलेली टीम दिवाळीनंतर बघता बघता दहावर गेली, आणि आता दीक्षा तिकडून पाचाचा हट्ट धरून बसली होती.

"पाच काहून पण?… हो, रोबो चालवायले टेबलापाशी दोघंच उभे राहतात. बाकीचे मागून पाहतात. पाहू दे ना… पाहणं बी कामच आहे. हसू नको… कालचं? कालचं काढू नको ना दीक्षा."

कालचं म्हणजे जरीपटका भागातल्या एका शाळेशी झालेला सराव. सगळ्यांना काहीतरी काम मिळावं म्हणून हिमानीनं बॅटरी चार्ज करायचं काम चौघांना मिळून दिलं होतं. आता चौघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. रोबो टेबलावर वीतभर चालला आणि तिथंच बसला. समोरच्या शाळेची पोरं चांगली होती बिचारी. तोंड फिरवून हसली.

"भैरवीले वाटलं, प्रशिकनं लावली. प्रशिकले वाटलं, सुरुचीनं… हो, हो. एक ना धड भाराभर चिंध्या. बरोबर आहे तुझं, सर बी तेच म्हणाले. पण मग पाच जणांले घरी पाठवू? भैरवीले काय सांगू मी?… ती त्याच्याशी बोलते वं. रोबोशी. कोणी नसलं की. मी ऐकलं आहे… नाही. माझ्यानं नाही होणार."

समोरच्या गच्चीवर कोणाचा तरी पतंग वर चढत होता. निळ्यात एक लाल ठिपका, आणि खाली "ओ काट"चा गलका. हिमानी त्या ठिपक्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचा आवाज मऊ झाला.

"तुले एक सांगू?… विषय नाही बदलून राहिली, तेच सांगून राहिली. आत्ता पडल्या पडल्या मले दिसलं. मोठा हॉल. सगळे लाइट टेबलावर. तू डावीकडे, मी उजवीकडे, नेहमीसारखं. आणि आपला रोबो चालून राहिला… हळू. इतका हळू, की चाकांचा आवाज ऐकू येऊन राहिला. कोणी ओरडत नाही. कोणाले घाई नाही. तू माझ्याकडे पाहून राहिली आणि मी तुझ्याकडे, आणि तो चालूनच राहिला… किती छान वाटत होतं, काय सांगू… हं? बाकीचे?"

ती उठून बसली.

"बाकीचे… मागे असतील. मागे अंधार होता… नाही. आठपैकी एक बी नाही दिसला मले."

दहा सांगू, दहा सांगू म्हणणाऱ्या कॅप्टनच्या स्वप्नात आठ जणांना उभं राहायला जागा नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिकडून दीक्षा मात्र आता सलग बोलत होती.

"कुठलं किट?… ते कपाटातलं, मागच्या वर्षीचं? त्याचं एक चाक घासते ना… बरं, बरं, ऐकून राहिली… थांब. दोन टीम? पाच आणि पाच?… एका शाळेच्या दोन चालतात? तू वाचलं? तू तर सगळंच वाचते… अवं दीक्षा, मग हे आधी काहून नाही सांगितलं? कोणालेच नाही म्हणायचं काम नाही. पाच जणांत प्रत्येकाचा नंबर लागन टेबलापाशी. एक टीम आपली आणि दुसरी…"

ती थांबली.

"दुसरीचा प्रोग्राम कोण लिहीन?"

प्रोग्राम लिहिता येणारे टीममध्ये दोनच जण, एक या फोनवर आणि एक त्या. सहावीत दीक्षाच्या अंगणात पुठ्ठ्याची गाडी केली, तेव्हापासून दोघींनी एकही स्क्रू वेगवेगळा पिळला नव्हता.

"तुले माहीत होतं… केव्हापासून? कालपासून? म्हणजे काल ऑटोत माझ्याजवळ बसून शेंगा खाऊन राहिली होती, तेव्हा बी?… काहून नाही बोलली मग?… हो, रडली असती मी. आत्ता काय करून राहिली, असं वाटते तुले?… नाही. ऐक. मी दहाच सांगते. हरलो तर हरलो, संगं हरू… असं नको ना म्हणू. हो, संगं हरणारे आपण दोघीच, मालूम आहे… हो, भैरवीनं एकदा बी नाही चालवला तो. बोलते त्याच्याशी, पण टेबलापाशी कधी उभी नाही राहिली. खरं आहे."

तिनं ओल्या केसांनीच नाक पुसलं. नववीतल्या पोरी, चालायचंच.

"बरं, वाटून घेऊ. प्रशिक तू ने… चांगला हात आहे त्याचा, म्हणूनच ने म्हणून राहिली. सुरुची बी ने… मले कोण राहिलं म्हणजे? केयूर आहे ना. दारातून मीच आणला, मीच सांभाळीन… नको वं, प्रशिकले परत नको देऊ. दीक्षा, मी कॅप्टन आहे का तू?… बरं, भैरवी माझ्याकडे. ती नाही देणार मी. आणि नवीन किट तुझ्याकडे… काहून नको? घासू दे ना चाक, मी पाहून घेईन."

गल्लीच्या खेळात गडी वाटताना जो तो चांगला गडी आपल्याकडे ओढतो. इथं दोघी चांगले गडी एकमेकींच्या पदरात घालत होत्या आणि त्यावरून कडाकडा भांडत होत्या. समोरचा पतंग कधीचा दिसेनासा झाला होता, तेही हिमानीला कळलं नाही.

"आणि शेजारच्या टेबलावर तू आली तर?… मी नाही पाहणार तुझ्याकडे. पाहिलं, की चुकलंच समज… तू बी नको पाहू. कबूल?… आवाज असा काहून येऊन राहिला तुझा? तू बी ना… बरं. सरले तू सांगते?… हो, कॅप्टन मी आहे. सांगते. आधी तू ठेव… ठेव ना वं."

तिकडून फोन ठेवला गेला. हिमानीनं तो जरा वेळ तसाच कानाशी धरला. मग घसा साफ करून नंबर लावला.

"हॅलो, सर?… हो, ठरलं. पाच आणि पाच. दोन टीम करतो, सर… एकीची कॅप्टन दीक्षा, एकीची मी… नाही सर. भांडण नाही झालं आमचं."